जुन्नरचा घोडा लंडनला

आमच्या घरात भिंतीवर दोन कॅलेंडरं असतात. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख आणि संकष्टी. दुसरं सौ.च्या टेबलामागे. त्यावर संकष्टी नसते, गोषवारा असतो. 'गोषवारा – शेवटची तारीख', 'गोषवारा – मुदतवाढ', 'गोषवारा – मुदतवाढीची शेवटची तारीख'. बँकेत बत्तीस वर्षं काढल्यामुळे मुदत, मुदतवाढ आणि थकबाकी हे शब्द मला नवे नाहीत. पण आमच्या बँकेत मुदत उलटून गेल्यावर कर्जदार तोंड चुकवायचे. या व्यवहारात मुदत उलटली की मुदत देणारेच पुन्हा पत्र पाठवून 'अजून आठ दिवस आहेत हो' म्हणून आर्जवं करतात. असे सावकार आम्हाला मिळते तर!

सौ.ने छत्तीस वर्षं कॉलेजात रशियन शिकवलं. पूर्वी कोणी विचारलं, 'वहिनी काय शिकवतात?' तर मी 'रशियन' म्हणून मोकळा व्हायचो. आता तेवढ्यावर भागत नाही. आता तिचा विषय 'स्लाव्हिक, पूर्व युरोपीय आणि युरेशियाई अभ्यास' असा आहे. म्हणजे प्रागपासून व्लादिवोस्तोकपर्यंत आणि खाली समरकंदपर्यंत जे जे काही येतं ते सगळं. एवढी जमीन सातबाऱ्यावर लावून घ्यायची तर तलाठी पळून जाईल.

नावाचा हा घोळ एकट्या आमच्या घरचा नाही. अमेरिकेत या विषयाच्या अभ्यासकांची १९४८ साली स्थापन झालेली एक मोठी संस्था आहे. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं एकापुढे एक ठेवली की तीन 'ए' आणि दोन 'एस' व्हायचे. त्यांचा उच्चार करायला गेलं की समोरचा माणूस 'दाढ दुखते का?' असं विचारील. २०१० साली त्यांनी नाव बदललं. नव्या नावात पूर्व युरोप आला, युरेशिया आला, आणि आद्याक्षरांत दोन 'ए' जाऊन तीन 'ई' आले. दाढेचं दुखणं होतं, ते आता उंदीर दिसल्यासारखं झालं.

तर या विषयाच्या माणसाला वर्षभर कुठे ना कुठे जायची सोय असते. नोव्हेंबरात या अमेरिकन संस्थेचं अधिवेशन. कधी शिकागो, कधी फिलाडेल्फिया, कधी बॉस्टन, आणि तेही भल्यामोठ्या हॉटेलात. गुरुवारी सुरू होऊन रविवारी संपणार. वसंतात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात राष्ट्रवादाच्या अभ्यासकांचा मेळा. इंग्रजांची संस्था निराळी. त्यांची परिषद कितीतरी वर्षं केंब्रिजच्या फिट्सविल्यम कॉलेजात भरायची. मध्य आशियावाल्यांची चूल वेगळी. भाषाशिक्षकांची त्याहून वेगळी. आणि या सगळ्यांच्या वर दर पाच वर्षांनी येणाऱ्या दोन थोरल्या परिषदा, कुंभमेळ्यासारख्या. त्यांच्याविषयी पुढे सांगतो.

संधींना तोटा नाही. तोटा असतो तो आपल्या खात्यात. प्रवेशशुल्क डॉलरमध्ये, सभासदत्व वेगळं, व्हिसाचं शुल्क वेगळं (अमेरिकेचं २०२३ साली एकशे साठ डॉलरवरून एकशे पंच्याऐंशी झालं, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही, आमच्या लॉकरच्या भाड्यासारखं), विमान वेगळं. हॉटेल सवलतीच्या दरात असतं, पण ती सवलत वाचून झाल्यावर मी पाणी पितो. सौ. निवृत्त झाल्यापासून शुल्काच्या तक्त्यात तिची गणना 'स्वतंत्र अभ्यासक' या वर्गात होते. हा शब्द मला फार आवडला होता. स्वतंत्र! मग कळलं की त्याचा अर्थ 'हिचे पैसे भरणारं कोणी नाही' असा आहे.

आता गोषवाऱ्याची गंमत. अमेरिकन अधिवेशन नोव्हेंबरात, पण त्यासाठी काय बोलणार ते फेब्रुवारी-मार्चच्या सुमारासच कळवावं लागतं. म्हणजे संशोधन पावसाळ्यात करायचं आणि निष्कर्ष होळीलाच सांगायचा. 'या निबंधात मी असे दाखवून देते की' हे वाक्य सौ.ने लिहिलं तेव्हा तिने काहीही दाखवून दिलेलं नव्हतं. मी शंका काढली. ती म्हणाली, "अहो, सगळे असंच करतात. तुम्ही नाही का वर्षाच्या सुरुवातीला ठेवींचं उद्दिष्ट लिहून द्यायचात?" मी गप्प बसलो. आमची उद्दिष्टं कशी पुरी व्हायची ते मार्चअखेर मुक्कामाला असलेल्या ठेवीच जाणोत.

शिवाय एकट्याने निबंध पाठवण्यापेक्षा तीन-चार जणांनी मिळून सत्र बांधून पाठवलेलं बरं असतं. म्हणजे अगोदर समविचारी माणसं शोधा, त्यांच्यात एक अध्यक्ष नेमा, आणि एक 'भाष्यकार' नेमा. भाष्यकाराने सगळ्यांचे निबंध आधी वाचून त्यावर टीकाटिप्पणी करायची असते. निबंध त्याला दोन आठवडे आधी पोचावेत असा नियम आहे. ते त्याला आदल्या रात्री पोचतात असा रिवाज आहे. निबंधाच्या शीर्षकाला मध्ये दोन टिंबं हवीतच. अपूर्णविरामाच्या अलीकडे काहीतरी काव्यमय, पलीकडे काहीतरी समजण्यासारखं, आणि दोन सनांच्या मध्ये एक आडवी रेघ. टिंबं नसलेला निबंध म्हणजे टिकलीवाचून फोटो.

सौ.चा निबंध एकच आहे. चुकलो, निबंध बरेच आहेत, घोडा एक आहे. अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात त्वेर गावाहून निघाला, लुटला गेला, फिरत फिरत चौलच्या बंदरात उतरला आणि तिथून जुन्नरला येऊन पावसाळाभर राहिला. वास्को द गामा यायच्या पंचवीस-तीस वर्षं आधीची ही गोष्ट. विकायला म्हणून त्याने एक घोडा बरोबर आणला होता. जुन्नरच्या खानाने तो काढून घेतला, आणि 'आमचा धर्म घे, मग घोडा देतो' म्हणाला. शेवटी खोरासानचा एक भला माणूस मध्ये पडला आणि घोडा सुटला. निकितिन पुढे बिदरला गेला. परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कच्या आसपास तो वारला, पण वही मागे राहिली. या घोड्यावर सौ.ने पंचवीस वर्षं काढली आहेत. परिषदेचा विषय 'व्यापार' असेल तर घोडा व्यापारात जातो. 'धर्म' असेल तर धर्मात. 'प्रवास' असेल तर प्रश्नच नाही. २०२३ साली फिलाडेल्फियाच्या अधिवेशनाचा मुख्य विषय 'निर्वसाहतीकरण' होता. मला वाटलं, आता मात्र घोडा अडला. सौ.ने संध्याकाळपर्यंत त्यालाही त्या दारातून आत नेलं. खुद्द निकितिनला तो घोडा एवढा उपयोगी पडला नसेल.

माझ्यापुरतं सांगायचं तर निकितिन मला आपला माणूस वाटतो. घोडा वर्षभर पोसून त्याने बिदरला विकला आणि त्याच्यापायी अडुसष्ट नाणी खर्ची पडल्याचं लिहून ठेवलं. परमुलखात, परधर्मात, घरची वाट माहीत नसताना ज्याला घोड्याचा हिशोब ठेवायचं सुचतं, त्याला कोणतीही बँक डोळे मिटून घेईल.

आता त्या दोन थोरल्या परिषदा. एक स्लाव्ह भाषापंडितांची. ही फार जुनी. पहिली १९२९ साली प्रागला भरली. इथे एकट्यादुकट्याने अर्ज करून चालत नाही, आपापल्या देशाच्या राष्ट्रीय समितीमार्फत जावं लागतं, म्हणजे वऱ्हाडात मानकरी म्हणून. दुसरी १९७४ साली कॅनडातल्या बॅन्फला सुरू झालेली, सोव्हिएत आणि पूर्व युरोपच्या अभ्यासकांची. तिला कोणीही निबंध पाठवू शकतो. आमची सौ. या दुसरीची वारकरी.

या परिषदांच्या पायगुणाबद्दल मात्र मला बोलायचं आहे. आमच्या आजीने या तारखा पाहिल्या असत्या तर पंडितांना उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. भाषापंडितांची तिसरी परिषद १९३९ च्या सप्टेंबरात बेलग्रेडला ठरली. तयारी झाली, साहित्य छापून झालं, आणि एक सप्टेंबरला महायुद्ध सुरू झालं. परिषद भरलीच नाही. पुढे १९५८ साली मॉस्कोला भरली तिला त्यांनी चौथी म्हटलं. न झालेल्या परिषदेचा नंबर त्यांनी तसाच राखून ठेवला, जेवायला न आलेल्या माणसाचं पान मांडून ठेवावं तसा. बेलग्रेडच्या नशिबी पुन्हा हा मान यायला २०१८ साल उजाडलं. एकोणऐंशी वर्षं! पण पान राखलं होतं.

सहावी १९६८ साली प्रागला भरली. तारखा सात ते तेरा ऑगस्ट. रशियन पंडित आले, झेक पंडितांनी स्वागत केलं, स्लाव्ह बंधुत्वावर भाषणं झाली असणार. पाहुणे आपापल्या घरी पोचून त्यांनी बॅगा रिकाम्या केल्या असतील नसतील, तोच वीस ऑगस्टच्या रात्री प्रागमध्ये रणगाडे शिरले.

आमच्या वारीची गोष्टही तीच. १९९० च्या जुलैत ती इंग्लंडमध्ये हॅरोगेटला भरली. नाव 'सोव्हिएत आणि पूर्व युरोपीय अभ्यासांची जागतिक परिषद'. जगभरचे सोव्हिएत-तज्ज्ञ जमले. पुढची वॉर्साला १९९५ साली. मधल्या काळात, १९९१ च्या डिसेंबरात, सोव्हिएत संघच विसर्जित झाला. वॉर्साला परिषद भरली तेव्हा नावातला 'सोव्हिएत' हा शब्द गेला होता. तज्ज्ञ मात्र सगळे होते. रुग्ण दगावला तरी डॉक्टरांची परिषद भरतेच की. इकडे पुण्यात सौ.च्या वर्गात बाकं रिकामी पडायला लागली. 'सोव्हिएत लँड'च्या गुळगुळीत पानांची वह्यांना कव्हरं घालून मोठी झालेली आमची पिढी. त्या कव्हरांबरोबर रशियनही जाणार असं सगळे सांगायचे. "आता जर्मन शिका वहिनी, जर्मनला मरण नाही," असा सल्ला शेजारच्या काकांनी दिला होता. हिने ऐकलं नाही. चार विद्यार्थी तर चार.

२०२० ची वारी माँट्रियलला ठरली होती. त्या साली काय झालं ते सांगायला नको. ती २०२१ च्या ऑगस्टात संगणकावर भरली. माँट्रियलला दुपारचा दीड म्हणजे पुण्यात रात्रीचे अकरा. सौ. ठेवणीतली साडी नेसून स्वयंपाकघरात बसली, कारण इंटरनेट तिथेच धड चालतं. मागे डबे दिसू नयेत म्हणून मी रॅकला चादर लावली आणि गच्चीत जाऊन कुत्र्यांना बिस्किटं घालत बसलो. जुन्नरच्या खानाने घोडा काढून घेतला त्या ऐन क्षणी खाली वॉचमनने शिट्टी मारली. कुठल्याशा देशातल्या एका विदुषीला तो ध्वनिपरिणाम वाटला. तिने नंतर कौतुक केलं म्हणे.

एवढा खटाटोप कशासाठी, असं तुम्ही विचाराल. मीही विचारायचो. पंधरा-वीस मिनिटं बोलायचं, समोर सात माणसं, त्यांतले तीन पुढचे वक्ते आणि एक दार चुकून आलेला. त्यासाठी मी मुदतठेव मोडायची?

उत्तर मला २०१५ साली मिळालं. त्या वर्षी ही वारी पहिल्यांदाच आशियात आली, जपानात, चिबातल्या माकुहारीला. सौ. म्हणाली, तुम्हीही चला. असल्या ठिकाणी वक्त्याच्या नवऱ्याला बहुधा 'सोबतची व्यक्ती' म्हणतात. चाळीस वर्षांच्या संसाराचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

तिथे मी तिच्या दोन मैत्रिणी पाहिल्या. १९८६ साली सौ. दहा महिने मॉस्कोत शिकायला होती, तेव्हा वसतिगृहात या दोघी तिच्या खोलीत. एक खारकीवची, एक व्होरोनेझची. आपल्याकडे जशा 'नागपूरच्या काकू' आणि 'सांगलीच्या मावशी' असतात, तशा आमच्या घरात या दोघी 'खारकीवची' आणि 'व्होरोनेझची' म्हणूनच ओळखल्या जातात. तिघी एकाच देशाच्या राजधानीत भेटल्या. पुढे त्या देशाचेच तुकडे पडले. दोघी आपापल्या गावी मास्तरणी झाल्या. पत्रं यायची, मग थांबायची. भेट म्हणाल तर परिषदेत. २००० साली फिनलंडमध्ये तांपेरेला तिघी चौदा वर्षांनी भेटल्या. २००५ चं बर्लिन घराच्या हप्त्यांत गेलं. २०१० ला स्टॉकहोम. मग माकुहारी. मुळात परिषद हे या बायकांचं माहेर आहे. पाच वर्षांनी एकदा, ठरल्या गावी, चार दिवस. निबंध ही नुसती सासरी सांगायची सबब.

माकुहारीत संध्याकाळी तिघी हॉटेलच्या खोलीत पलंगावर मांडी ठोकून बसायच्या आणि रशियनमध्ये बोलायच्या. मी खुर्चीत. मला रशियन येत नाही. 'स्पसीबा' येतं, ते मी दर दहा मिनिटांनी म्हणायचो. बाकरवडीचे तीन पुडे नेले होते, प्रत्येकीला एक. खारकीवची तिखट लागून नाक पुसायची आणि आणखी घ्यायची. व्होरोनेझची एकेक वडी उलगडून आतला मसाला तपासायची. कशावर तरी तिघी इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी. मी विचारलं, "काय झालं?" सौ. म्हणाली, "नाही हो सांगता येत मराठीत."

मग २०२२ चा फेब्रुवारी आला आणि रशियाने युक्रेनवर हल्ला केला. खारकीव सीमेपासून चाळीसेक किलोमीटरवर. पहिल्या दिवसापासून तिथे तोफा. सौ. चार दिवस फोन हातात घेऊन बसली होती. पाचव्या दिवशी 'तळघरात आहे, जिवंत आहे' एवढा निरोप आला. व्होरोनेझ सीमेच्या अलीकडे, फार लांब नाही. तिचाही निरोप आला होता. तो सौ.ने मला वाचून दाखवला नाही.

त्या वर्षापासून या विषयात बसायच्या जागाच हलल्या. संस्थांनी निषेधाचे ठराव केले. आजवर सगळं मॉस्कोच्या खिडकीतून पाहिलं, हा वाद सुरू झाला. युरोपातून रशियाला जाणारी बहुतेक थेट विमानं बंद पडली. आणि आमच्या घरी टेबलामागच्या कॅलेंडरवर २०२५ च्या जुलैत लाल पेन्सिलीने लिहिलेलं होतं: लंडन.

लंडनचं यजमानपद तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या स्लाव्ह अभ्यासाच्या शाळेकडे होतं. ही शाळा १९१५ सालची, पहिल्या महायुद्धातली. तिचं उद्घाटनाचं व्याख्यान मासारिकनी दिलं, तेव्हा ते परागंदा होऊन तिथे शिकवत होते. तीन वर्षांनी ते चेकोस्लोव्हाकियाचे अध्यक्ष झाले. (हाही पायगुणच, पण चांगला.) सौ.च्या गळ्यात 'स्वतंत्र अभ्यासक' असा बिल्ला. माझ्या बॅगेत बाकरवडीचे तीन पुडे. तीन कशाला, असं मी निघताना विचारलं नव्हतं.

खारकीवची आली. केस पांढरे झालेले, बाकी तीच. दोघींनी एकमेकींना घट्ट धरलं आणि सौ.ने तोंड उघडलं तशी ती इंग्रजीत म्हणाली, सावकाश, शब्द जुळवत, "मी आता रशियन बोलत नाही." तिच्या आईशीसुद्धा ती जन्मभर रशियनच बोलली होती.

सौ. क्षणभर थांबली. मग म्हणाली, "द्याकुयू." युक्रेनीत आभार. गेले दोन महिने बाथरूममधून येणारे ते चमत्कारिक आवाज म्हणजे नळाची तक्रार नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

आणि मग चार दिवस त्या दोघी इंग्रजीत बोलल्या. दोघींचंही इंग्रजी व्याकरणशुद्ध आणि कोरडं, अर्जाच्या भाषेसारखं. ज्या गोष्टीवर पलंगावर पडून हसायच्या, ती सांगायला गेल्या की मध्येच अडायच्या. खारकीवचीच्या ओठांवर एखादा रशियन शब्द यायचा, ती तो गिळायची आणि बोटांनी हवेत दुसरा शोधायची. सौ. वाट बघायची. छत्तीस वर्षं जी भाषा शिकवली ती तोंडात ठेवून गप्प बसणं काय असतं, ते मी शेजारून पाहत होतो. गंमत अशी की त्यांच्या मैत्रीतलं सगळंच्या सगळं मला पहिल्यांदा कळलं ते या वेळी. कॉलेजातला तिचा वर्ग तळघरात भरतो. तिच्या घराच्या खिडक्यांना काचेऐवजी प्लायवूड आहे. मुलगा आघाडीवर आहे. न कळता 'स्पसीबा' म्हणत बसलो होतो ते दिवस बरे होते.

निबंध झाला. सौ.ने या खेपेला तो इंग्रजीत वाचला. आधीचे सगळे रशियनमध्ये होते. नऊ श्रोते, म्हणजे विक्रमच. एका तरुणाने विचारलं, रशियन राजा, रशियन साम्राज्य, यांच्यात निकितिन नेमका कुठे बसतो? सौ. म्हणाली, तो घोड्याच्या शेजारी बसतो. खारकीवची पहिल्या रांगेत होती. ती हसली, मोठ्याने, माकुहारीतल्यासारखी.

व्होरोनेझची आली नाही. व्हिसा, परवानगी, पैसे, भीती. कारणं एकाहून अधिक असतील. तिचं नाव चार दिवसांत दोघींपैकी कोणीही काढलं नाही. शेवटच्या संध्याकाळी एका चौकातल्या बागेत बाकावर बसून आम्ही बाकरवडी खाल्ली. एक पुडा खारकीवचीच्या पिशवीत गेला, एक तिथेच फुटला. तिसरा मांडीवर घेऊन सौ. बसली होती. खारकीवचीने त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग इंग्रजीत एवढंच म्हणाली, "अल्माटीची ती बाई उद्या सकाळी निघते."

परिषदांचा हा एक उपयोग कुठल्याही माहितीपत्रकात छापत नाहीत. कझाकस्तानातून रशियाला टपाल जातं. अल्माटीच्या बाईंनी काही न विचारता पुडा बॅगेत टाकला. वजनाची चौकशी मात्र केली.

सप्टेंबर संपता संपता सौ.च्या फोनवर एक फोटो आला. टेबलावर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर पुडा, पुड्यात वड्या थोड्या आणि भुगाच जास्त. शेजारी कपात चहा. खाली रशियनमध्ये चार-पाच ओळी. सौ.ने त्या वाचल्या, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचल्या.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, या वेळी मसाल्यात खसखस कमी आहे."

मग तिने तो फोटो खारकीवला पाठवला, नुसता फोटो, खालच्या ओळी वगळून, आणि कॅलेंडरवर पुढची पानं चाळायला लागली.